पोलिसांवर देखरेख कोणाची? आमदाराची नोंद कशी तपासावी

आठवीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : "सर, पोलिसांनी चूक केली तर त्यांना विचारणार कोण?" या प्रश्नाचं उत्तर हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

कायदा काय सांगतो?
२२ सप्टेंबर २००६ रोजी सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंह खटल्यात आदेश दिला की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण असावं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाची पातळी धरली गेली. त्यामुळे आपल्या जिल्ह्यासाठीचं प्राधिकरण छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद), म्हणजे दोनशे किलोमीटरहून लांब. रोजंदारीवरच्या माणसाची एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते.

तिथे कशाची तक्रार होते?
कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, लाचखोरी, खंडणी, जमीन वा घर बळकावणं. पीडित व्यक्ती किंवा घरचे अर्ज करू शकतात. तारीख, वेळ, ठाण्याचं नाव, अधिकाऱ्याचा हुद्दा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. चौकशीचा अहवाल सरकारकडे जातो.

लोकांनी निवडलेले किती?
विभागीय प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असतात. सदस्य सरकार नेमतं, मतदार नाही. राज्य सुरक्षा आयोगात गृहमंत्री आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेता एवढेच काय ते निवडून आलेले. अमेरिकेतल्या शिकागो शहराने वेगळी वाट धरली. तिथल्या नगर परिषदेने जुलै २०२१ मध्ये ३६ विरुद्ध १३ मतांनी कायदा केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये २२ पोलीस जिल्ह्यांत प्रत्येकी ३ असे ६६ प्रतिनिधी लोकांनी निवडले. कोणत्या नगरसेवकाने कुठे मत दिलं, तेही नावानिशी नोंदलेलं आहे.

आपल्या आमदाराचं मत कुठे सापडेल?
खरी अडचण इथेच आहे. विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने, "होय"च्या गजरात मंजूर होतात. मतविभागणी मागितली तरच नावं नोंदली जातात. १० जुलै २०२५ रोजी जनसुरक्षा विधेयक असंच आवाजी मतदानाने मंजूर झालं. विरोध करणारे विनोद निकोले ठळकपणे लक्षात राहिले, बाकीच्यांचा हिशेब गजरात विरला.

म्हणून मतापेक्षा कामकाज पाहा. तानाजी मुटकुळे (हिंगोली), संतोष बांगर (कळमनुरी) आणि राजू नवघरे (वसमत) हे २०२४ मध्ये निवडून आलेले आपले तीन आमदार. विधिमंडळाच्या कामकाजात त्यांच्या नावापुढे चार गोष्टी शोधा : गृह खात्यावरचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, गृह खात्याच्या मागण्यांवरचं भाषण आणि अशासकीय विधेयक.

आणि आमदारसाहेब गावात आले की अदबीने, पण लेखी विचारा : जिल्हा पातळीवरच्या प्राधिकरणासाठी तुम्ही मतविभागणी मागणार का? त्या कागदाची पोच मात्र घ्यायला विसरू नका.