जीपच्या पोटात ट्रॅक्टरचे इंजिन

ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. सिडकोची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. मुंबईचा घाऊक व्यापार खाडीपलीकडे न्यायचा हा नव्या शहराच्या आराखड्यातला एक मुख्य विचार होता, आणि पुलाशिवाय तो कागदावरच राहिला असता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास मिळणारे कच्चे तेल काही महिन्यांत अकरा डॉलरच्या पुढे गेले. पूल आला आणि त्यावरून गाडी हाकणे महाग झाले, ते असे एकाच वर्षी.

मशीद बंदर किंवा भायखळ्याच्या बाजारातला माल हातगाडीवर, पाटीत, हमालाच्या डोक्यावर बसून बरेच अंतर कापू शकत असे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले, तेव्हा ही सोय संपली. कांद्याचे पोते मुंबईतल्या किरकोळ दुकानात पोहोचवायचे तर मोटारच हवी, आणि तीही गल्लीत शिरेल एवढी लहान. मॅटाडोर आणि जीपच्या सांगाड्यावर बांधलेली पिकअप ही त्या गरजेची उत्तरे होती. अशा गाडीच्या मालकाचा नफा भाड्यावर जितका, तितकाच इंधनावर ठरत असे. म्हणून महाराष्ट्रातल्या इंजिनबदलाची कहाणी हौशी लोकांची नाही. ती पोट गाडीवर असलेल्यांची आहे.

या कहाणीतली मूळ गाडी म्हणजे विलिसची जीप. महिंद्रांनी १९४७ मध्ये जीपचा व्यवसाय हाती घेतला आणि अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी माझगावला सुरू झाली. या जीपमध्ये पुढे अनेक वर्षे जे पेट्रोल इंजिन बसत असे ते सुमारे २,२०० सीसीचे होते. ताकदवान, सोपे, पण तहानलेले. पेट्रोल स्वस्त होते तोवर त्याची तहान कोणाला खुपली नाही. १९७३ नंतर मात्र सरकारने पेट्रोलला चैनीचे आणि डिझेलला शेतीचे व मालवाहतुकीचे इंधन मानून करांची मांडणी केली, तशी दोघांच्या किमतींतली दरी रुंदावत गेली.

ही दरी ओलांडण्याचा पहिला मार्ग गॅरेजने नव्हे, कारखान्याने दाखवला. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन हाताशी होते. सत्तरच्या दशकात तेच कुळ जीपमध्ये आले. नांगर ओढण्यासाठी घडवलेले इंजिन रस्त्यावर धावू लागले. ते खडखडे, हादरे देई, वेगात मागे पडे; पण चढावर आणि ओझ्याखाली खाली मान घालून चालत राही. पुढे १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार झाला आणि इगतपुरीच्या कारखान्यात एक्सडीपी ४.९० हे इंजिन तयार होऊ लागले. नावातच त्याची कुंडली आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. २,११२ सीसीचे हे इंजिन ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा कितीतरी सुसंस्कृत होते.

कारखान्याने नवी गाडी डिझेलवर नेली, पण रस्त्यावरच्या जुन्या पेट्रोल जीपचे काय? नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्याने जुन्या गाडीतच डिझेल इंजिन बसवून घेतले. अपघातात मोडलेल्या किंवा मोडीत निघालेल्या गाडीचे इंजिन कुर्ल्याच्या भंगार बाजारातून यायचे, कधी मॅटाडोरचे, कधी ट्रॅक्टरचे, कधी महिंद्राच्याच दुसऱ्या गाडीचे.

हे काम ऐकायला वाटते तितके सोपे नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण साधारण सातपटीने दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. त्या काळच्या लहान डिझेल इंजिनात हवा वीसपटीहून अधिक दाबली जाते, आणि त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक जाड हवा, म्हणजे वजन वाढले. वजन वाढले की पुढचे पाटे बसतात, म्हणून एक पाटा वाढवायचा. इंजिन आणि गिअर बॉक्स यांची भोके जुळत नाहीत, म्हणून मधे लोखंडी प्लेट लेथवर कातून घ्यायची. ती केसभर वाकडी बसली तरी क्लच आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत खलास. इंजिनाचे फाउंडेशन चॅसिसवर नव्याने वेल्ड करायचे. इंजिनाखालची तेलाची टाकी पुढच्या ॲक्सलवर आपटत असेल तर ती कापून पुन्हा बांधायची. जुन्या विलिसची वीजयंत्रणा ६ व्होल्टची, ती डिझेलचा स्टार्टर फिरवणार नाही. म्हणजे बॅटरीपासून दिव्यांपर्यंत सगळे १२ व्होल्टवर न्यायचे. आणि शेवटी एक मजेदार अडचण: पेट्रोल गाडी चावी फिरवली की बंद पडते, पण तेव्हाचे डिझेल इंजिन चावीला दाद देत नसे. त्याचे इंधन तोडायला डॅशबोर्डवर वेगळी ओढायची तार बसवावी लागे.

या प्रत्येक पायरीला गणित आहे, आणि ते करणाऱ्या मिस्त्रीने ते बहुधा वहीत मांडलेले नसे. ते त्याच्या बोटांत आणि कानात असे.

यात कायदा कुठे होता? १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३२ ची भूमिका साधी होती. नोंदणी पुस्तकातला तपशील खोटा ठरेल असा बदल मालकाने परस्पर करू नये. नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि त्याची मंजुरी घ्यावी. १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ नेही आरंभी हीच चौकट ठेवली. म्हणजे गाडी काय आहे हे मालक सांगणार, आरटीओ तपासणार आणि पुस्तकात तसे लिहिले जाणार. व्यवहारात कित्येक गाड्या मंजुरीविनाच धावल्या हे खरे, पण प्रामाणिक मालकाला एक दार उघडे होते.

२००० साली कलम ५२ बदलले. आता तुलना नोंदणी पुस्तकाशी राहिली नाही. ती कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी झाली. गाडी काय आहे हे सांगण्याचा अधिकार मालकाकडून निर्मात्याकडे गेला. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. मात्र त्याच कलमात एक खिडकी ठेवली आहे: सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी अशा वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला हरकत नाही.

ही खिडकी कशासाठी, ते मुंबईच्या हवेत दिसत होते. धुरामुळे त्रस्त नागरिकांची जनहित याचिका १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आली, लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सींपुढे स्वच्छ इंधन किंवा निवृत्ती असे दोनच पर्याय उरले. हजारो पद्मिनींच्या डिकीत सीएनजीचे नळकांडे गेले. ज्या डिझेलला सरकारने पूर्वी स्वस्त ठेवून वाढवले, त्याच डिझेलच्या धुराविरुद्ध आता शासन उभे होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले, आणि इंजिनबदलामागचे मूळ आर्थिक कारणही पातळ झाले.

नव्या कायद्याची बाजू हलकी नाही. गल्लीत वेल्ड केलेले फाउंडेशन भर रस्त्यात तुटले तर त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो, आणि ब्रेक जुन्या वजनासाठी असताना पुढे शेकडो किलोचे इंजिन बसवणे हा जिवाशी खेळ आहे. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. याच कलमाने दहा किंवा अधिक वाहतूक वाहने असलेल्या मालकाला, राज्य सरकारने अधिसूचित केल्यास, मंजुरीविना त्याच मेकचे व प्रकारचे इंजिन बदलण्याची मुभा ठेवली आहे. तुर्भ्याच्या बाजारात एकाच पिकअपवर घर चालवणाऱ्याला ती मुभा नाही. मोठ्या ताफ्यावर कायदा विश्वास ठेवतो. एका गाडीच्या मालकाने मात्र प्रत्येक वेळी अर्ज घेऊन रांगेत उभे राहावे, असे त्याचे म्हणणे.

१९३९ चे कलम अपुरे होते, पण त्यात एक शहाणपण होते: बदल होणारच, तेव्हा तो लपून न होता तपासून व्हावा. आज जुन्या पिकअपमध्ये विजेची मोटर बसवण्याचे नियम आले आहेत आणि तेच जुने प्रश्न नव्या रूपात परतले आहेत. वजन, ब्रेक, जोड आणि खर्च. त्यांची उत्तरे देणारे हात अजून नवी मुंबईच्या गॅरेजांत आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि परवाना द्यायचा, की फक्त कंपनीचे किट बसवणारे कामगार करायचे, हा निर्णय व्हायचा आहे. ट्रॅक्टरचे इंजिन जीपमध्ये बसू शकते हे एकदा कारखान्यानेच दाखवले होते. गॅरेजने तो धडा गिरवला, इतकेच.