एक्सेलच्या याद्या सीएसव्हीत : मराठी नावं बिघडू नयेत म्हणून

पांढुर्णा : संत्रा बागायतदारांची यादी सौंसरहून वरूड-काटोलला पाठवली आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर पैसे कोणाचे हेच कळत नाही. बऱ्याच फाइली एकदम बदलायला लिब्रेऑफिस मोफत आहे. कमांड लाइनवर ‘सोफिस’पुढे ‘हेडलेस’ व ‘कन्व्हर्ट-टू सीएसव्ही’ हे पर्याय इंग्रजीत द्यावेत. सीएसव्ही फिल्टरला 44,34,76 हे आकडे जोडावेत : स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, यूटीएफ-8. मराठी टिकते ती 76 मुळे.

एवढ्यावर फक्त पहिली शीट निघते. कृतिदेवमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. सीएसव्हीत फॉन्ट राहत नाही. तयार सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडू नका, खाते क्रमांकाचे सुरुवातीचे शून्य उडते. मूळ फाइल जपून ठेवा.