पाटी खरोखर कोरी होते काय ?

घरांतील जुना संगणक मंदावला, उघडतांना दहा मिनिटें घेऊं लागला, मध्येंच अडखळूं लागला, म्हणजे कोणी तरी जाणता मनुष्य एकच उपाय सुचवितो : डिस्क फॉर्मॅट करा आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानें घाला. हा उपाय गुणकारी आहे यांत शंका नाहीं. वर्षानुवर्षें सांचलेले निरुपयोगी प्रोग्राम, न कळत शिरलेले व्हायरस, हीं सर्व पीडा एका फटक्यासरशीं दूर होते. परंतु हा विधि आटोपल्यावर घरांतील मंडळी एक समजूत करून घेतात. ती ही कीं, पाटी आतां कोरी झाली. पूर्वींच्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर हात फिरविला कीं अक्षर नाहींसें होई. तसेंच येथेंही झालें असावें, असें सहज वाटतें. ही समजूत कोठून आली व ती कितपत खरी आहे, हें पाहूं गेल्यास या तबकडीचा इतिहास थोडा उलगडावा लागतो.

फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती सांठविणारें पहिलें बाजारी यंत्र आय. बी. एम. कंपनीनें इ. स. १९५६ मध्यें बाहेर काढलें. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालीं तें सिद्ध झालें व रॅमॅक या नांवानें प्रसिद्धीस आलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर बसविलेल्या असून सर्वांवर मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. एवढ्यासाठीं यंत्राचें वजन मात्र सुमारें एक टन ! या तबकड्यांवर शाई नव्हती, कीं कोरीव काम नव्हतें. लोहाच्या ऑक्साइडच्या पातळ थरांतील सूक्ष्म भाग या किंवा त्या दिशेस चुंबकित केले, कीं झाला लेख. अशा लेखास आपण होऊन पुसट होण्याची घाई नसते. त्याच जागीं दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत तो बहुधा होता तसाच राहतो. पुढील सर्व हकीकत या एका गुणाभोंवतीं फिरते.

इ. स. १९८० मध्यें, पुढें सीगेट या नांवानें ओळखल्या गेलेल्या कंपनीनें सव्वापांच इंची आकाराची ५ मेगाबाइटांची डिस्क विक्रीस काढली. १९८३ मध्यें आय. बी. एम.चा पीसी एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटांची डिस्क पोटांत घेऊन आला. त्या काळीं नव्या डिस्कवर प्रथम आंखणी करावी लागे. वर्तुळाकार मार्ग पाडावयाचे, त्या मार्गांचे ५१२ बाइटांचे खंड करावयाचे आणि प्रत्येक खंडास क्रमांक द्यावयाचा, असें तें काम होतें. कोऱ्या वहींत रेघा मारण्यासारखेंच तें. वापरलेल्या डिस्कवर ही आंखणी पुन्हां केली तर खंडांतील जुन्या मजकुरावर भरतीचीं अक्षरें बसत व जुना मजकूर खरोखरच नष्ट होई. ‘फॉर्मॅट केलें म्हणजे सारें गेलें’ हें वाक्य त्या आंखणीपुरतें खरें होतें.

त्या दशकाच्या अखेरीस ही आंखणी कारखान्यांतच होऊं लागली. घरच्या मनुष्याच्या हातीं फॉर्मॅट हा शब्द तेवढा उरला. त्या शब्दाखालीं होणारें काम मात्र निराळें होतें. हें काम अनुक्रमणिका मांडण्याचें. मायक्रोसॉफ्ट कंपनींतील मार्क मॅक्डोनाल्ड यांनीं १९७७ मध्यें योजिलेली फॅट नांवाची पद्धति यांत फार दिवस रूढ होती. कोणती फाइल कोणत्या खंडांत सुरू होते व पुढें कोठें जाते, याची नोंद डिस्कच्या आरंभीं एका कोष्टकांत ठेवावयाची. या पद्धतींत फाइल खोडली असतां तिच्या नांवाच्या पहिल्या अक्षराच्या जागीं एक खूण पडे आणि तिचे खंड ‘मोकळे’ म्हणून नोंदले जात. मजकुरास कोणी हात लावीत नसे. फॉर्मॅटनें हेंच काम एकदम सगळ्या ग्रंथालयाचें होई. ग्रंथपालाची नोंदवही जाळून नवी कोरी वही मांडली, आणि कपाटांतील ग्रंथ मात्र जागच्या जागीं राहिले !

ही गोष्ट गुप्त नव्हती. १९९१ मध्यें आलेल्या डॉसच्या पांचव्या आवृत्तींत, केलेलें फॉर्मॅट परत फिरविण्याची आज्ञाच दिलेली होती. विंडोजच्या एक्सपीपर्यंतच्या आवृत्तींत ‘पूर्ण फॉर्मॅट’ तासन् तास चाले, त्यामुळें सर्व धुवून निघत असावें असा भास होई. वस्तुतः तेवढा वेळ नादुरुस्त खंड शोधण्यांत जात असे. पूर्ण फॉर्मॅट करतांना सर्वत्र शून्यें लिहिण्याची रीति इ. स. २००७ मध्यें विक्रीस आलेल्या व्हिस्टापासून सुरू झाली. ‘त्वरित फॉर्मॅट’ मात्र आजही अनुक्रमणिकेवरच थांबतें.

मग ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानें घातल्यानें काय होतें ? ती डिस्कचा कांहीं भाग व्यापते व तेथील जुन्या लेखावर आपला लेख बसविते. उरलेला भाग अस्पर्श राहतो. येथें आर्किमिडीजच्या ग्रंथांची आठवण होते. दहाव्या शतकांत केलेली त्यांची एक चर्मपत्रावरील नक्कल १२२९ मध्यें खरडून काढण्यांत आली व त्याच पानांवर प्रार्थनेचें पुस्तक लिहिलें गेलें. १९०६ मध्यें हायबर्ग या विद्वानानें त्या प्रार्थनांखालील गणित वाचून काढलें. तेथें जुनें शिल्लक राहिलें हें जगाचें भाग्य. पण घरच्या संगणकावर शिल्लक राहतात तीं बँकेचीं खातीं, डॉक्टरांचे अहवाल आणि खाजगी पत्रें. तीं वाचणारा हायबर्ग असेलच असें नाहीं.

ही भीति काल्पनिक नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सिम्सन गारफिंकेल व अभि शेलत यांनीं जुन्या बाजारांतून १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या व आपले निष्कर्ष २००३ मध्यें प्रसिद्ध केले. त्यांपैकीं १२९ चालूं स्थितींत होत्या. आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकीच्यांतून ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक हातीं लागले. एक डिस्क तर पैसे देणाऱ्या यंत्रांतील असावी असें दिसलें. विकणाऱ्या सर्वांनाच निष्काळजी म्हणतां येणार नाहीं. अनेकांनीं पाटीवर हात फिरविला होता. पाटी धुळीची नव्हती, एवढेंच.

दुसऱ्या टोंकास अतिरेकी भयही वाढलें. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधावरून, डिस्क ३५ वेळां पुन्हां पुन्हां लिहिल्यावांचून शुद्ध होत नाहीं असा प्रवाद पसरला. त्यांचा तो आंकडा निरनिराळ्या जुन्या लेखनपद्धतींची बेरीज होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २००६ मध्यें सांगितलें कीं, अलीकडच्या चुंबकीय डिस्कवर एकदां सर्वत्र लिहिलें तरी पुरतें. फ्लॅश चिपांवर चालणाऱ्या नव्या डिस्कचा स्वभाव मात्र याच्या उलट. तेथें वरून लिहिलेलें भलत्याच जागीं जाऊन जुनें खालीं राहूं शकतें. आणि कित्येकदां साध्या फॉर्मॅटनंतर थोड्याच वेळांत सर्व मजकूर असा जातो कीं चुकून फॉर्मॅट करणाऱ्यास तो परत मिळत नाहीं. तिच्यासाठीं तिच्या कर्त्यानें दिलेली पुसण्याची आज्ञाच वापरावी लागते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्यामुळें पुष्कळ जुने संगणक दुसऱ्या हातीं जावयाचे, कोणाच्या मुलाच्या अभ्यासास, कोणाच्या दुकानांत, कोणाच्या भंगारांत. अशा वेळीं गृहस्थानें आधीं जपावयाचें तें दुसरीकडे उतरून घ्यावें. नंतर जें जावयास हवें तें सर्वत्र लिहून वा योग्य आज्ञेनें पुसावें. आणि मगच नवी सिस्टिम घालावी. फॉर्मॅट हा शब्द प्रथम रेघा मारण्यास लागला, मग अनुक्रमणिका मांडण्यास, आणि अलीकडे कधीं कधीं पुसण्यासही. काम बदलत गेलें. शब्दावरचा विश्वास मात्र पहिल्या दिवसाचाच राहिला. यंत्रानें कोणास फसविलें नाहीं. त्यानें सांगितलें एवढेंच कीं, जागा मोकळी आहे. ती कोरी आहे, हें आपण आपल्या पदरचें धरून चाललों.