एनएफएलचा सराव कॅम्प: पूर्ण संघ मैदानात उतरवायचा की खेळाडू जपायचे?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये जुलैअखेरीस सराव कॅम्प सुरू होतात. कॅम्पमध्ये ९० खेळाडू असतात, पण अंतिम संघात जागा फक्त ५३ जणांना.

पूर्ण संघाचा सराव का लागतो?

या सरावात ११ विरुद्ध ११ असा खेळ होतो. प्रत्येक चालीत अकराही जणांची वेळ जुळावी लागते. ती एकट्याने धावून किंवा व्हिडिओ बघून जुळत नाही. नवख्यांना प्रशिक्षकांसमोर चमकण्याची संधीही इथेच मिळते.

मग धोका काय?

ऑगस्ट २०१५ मध्ये कॅरोलिना पँथर्सचा केल्विन बेंजामिन सरावातच जखमी झाला. गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि त्याचा अख्खा हंगाम गेला. त्याआधी २००१ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जच्या कोरी स्ट्रिंगरचा कॅम्पमध्ये उष्माघाताने मृत्यू झाला होता.

नियम काय सांगतात?

- २०११ च्या करारानंतर दिवसातून दोनदा पॅड घालून सराव बंद झाला.
- २०२० च्या करारानुसार कॅम्पमध्ये पॅडसह सरावाचे जास्तीत जास्त १६ दिवस. सुरुवातीचे दिवस पॅडशिवाय.
- २०२२ पासून ठरावीक जागांवरच्या खेळाडूंना हेल्मेटवर मऊ ‘गार्डियन कॅप’ सक्तीची.
- क्वार्टरबॅकची जर्सी वेगळ्या रंगाची असते. त्याला सरावात पाडायचं नाही, हा संकेत.

पण फार जपणंही महागात पडतं. सरावात धक्क्यांची सवय झाली नाही, तर शरीराला ते थेट सामन्यातच झेलावे लागतात. म्हणून प्रशिक्षक भार हळूहळू वाढवतात.