दगडाचे छायाचित्र, सणाचे छायाचित्र : बार्शीटाकळी आणि वऱ्हाडातील हौशी कॅमेरा

१/ अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीत कालंका देवीचे प्राचीन दगडी मंदिर आहे. त्याच्या दगडांचा अभ्यास शतकाहून अधिक काळ चालू आहे. पण नवरात्रात त्याच दगडांवर हात ठेवून उभ्या राहणाऱ्या माणसांकडे जुन्या अभ्यासकांचा कॅमेरा क्वचितच वळला. ही उणीव का राहिली आणि ती भरून काढण्याचे काम हौशी छायाचित्रकाराकडे कसे आले, याचा हा मागोवा.

२/ आधी मंदिर. येथील शिलालेख शके १०९८चा, म्हणजे इ.स. ११७६च्या सुमाराचा आहे. त्यात हेमाद्रिदेव या राजाचा उल्लेख असून गावाचे जुने नाव ‘टेक्कली’ असे येते. लोक मंदिराला ‘हेमाडपंती’ म्हणतात. परंतु यादवांचा मंत्री हेमाद्रिपंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. लेखातील हेमाद्रिदेव त्याच्या कितीतरी आधीचा. नाव सारखे, माणसे निराळी.

३/ हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने १८९७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्याच्या १९३१च्या ग्रंथात बार्शीटाकळीलाही स्थान मिळाले. सर्वेक्षकाला हवे होते ते वास्तूचे मोजमाप, खांब, कोरीवकाम. चौकटीत माणूस आला तरी बहुधा उंचीचा अंदाज यावा म्हणून.

४/ दोष एकट्या दृष्टीचा नव्हता, तंत्राचाही होता. १८५१ पासून प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच जागेवरच रसायनाने माखावी लागे आणि ती वाळण्याआत चित्र धुवून काढावे लागे. प्रकाशनाला कित्येक सेकंद लागत. दगड तेवढा वेळ निश्चल राहतो. झूल पांघरलेला बैल किंवा खांद्यावर कावड घेतलेला तरुण राहत नाही. मिरवणूक काचेवर उमटली, तर धुक्यासारखी.

५/ तरीही हौसेची परंपरा आपल्याकडे फार लवकर रुजली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सदस्य होते. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक छायाचित्रमाला काढली. तीत नारायण दाजींची चित्रेही होती. पोटासाठी वैद्यकी आणि मनासाठी कॅमेरा, ही जोडी एवढी जुनी आहे.

६/ वऱ्हाडच्या सीमेवर मेजर रॉबर्ट गिल होता. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती करीत होता. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. त्याने कॅमेरा हाती घेऊन लोणारची मंदिरेही टिपली. एकाच माणसाचे वर्षानुवर्षांचे चित्रकाम राख होते आणि छायाचित्रे, प्रती निघाल्यामुळे, उरतात. दस्तऐवजाचे रक्षण त्याच्या प्रतींत असते, हा या घटनेचा धडा.

७/ सणाला चौकटीत जागा मिळाली ती यंत्र स्वस्त आणि हलके झाल्यावर. १८८८ मध्ये कोडॅकचा रोल-फिल्मचा कॅमेरा आला. १९०० मध्ये एक डॉलरचा ‘ब्राउनी’. भारतात पुढे मध्यमवर्गीय घरांत ‘आग्फा क्लिक ३’ पोहोचला. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे. बाराच असल्याने प्रत्येक खटक्यापूर्वी थांबून पाहावे लागे.

८/ वऱ्हाडात पाहण्यासारखे काय आहे? श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचे पाणी कावडींतून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेले जाते. त्याच आठवड्यात श्रावण अमावास्या येते, म्हणजे पोळा. अधिकमास नसेल तर त्यानंतर महिन्याभराने देवीची घटस्थापना. पाणी, बैल आणि दिवा : थोडक्या दिवसांत तीन निरनिराळे प्रकाश.

९/ पोळ्याचेच पाहा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकले जातात. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा. मग आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांग लागते आणि झडत्या सुरू होतात. झडती ही तिथल्या तिथे ललकारायची चीज. तिच्यात देवाचे नाव असते तसा भाव न मिळाल्याचा टोमणाही. कॅमेऱ्याला तिचा आवाज पकडता येत नाही, पण ती ऐकताना हसणारे चेहरे पकडता येतात.

१०/ ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या झपाट्याने कमी होत आहेत. उद्याच्या इतिहासकाराला तोरण कुठे बांधले जाई, झूल कोणत्या कापडाची असे, रांगेत किती जोड्या उभ्या राहत, हे विचारावे लागेल. उत्तर सरकारी दप्तरात सापडणे कठीण. ते कुणाच्या तरी हौसेच्या अल्बममध्ये सापडेल.

११/ सर्वेक्षक एकदा येतो. हौशी माणूस दरवर्षी येतो. प्रेरणा आटली अशी तक्रार छायाचित्रकार नेहमी करतात. तिच्यावर जुना उपाय हाच : एकच जागा, एकच सण, पुनःपुन्हा. पहिल्या वर्षी सजलेला बैल दिसतो; तिसऱ्या वर्षी त्याला सजवणारे हात दिसू लागतात; पाचव्या वर्षी त्या हातांतली एक जोडी आता नाही, हे ध्यानात येते. तेथून छंदाचा इतिहास होतो.

१२/ धोका नवा आहे. जुन्या छायाचित्रामागे कुणीतरी शिसपेन्सिलीने गाव आणि साल लिहून ठेवी. आज व्हॉट्सॲपवरून साध्या चित्ररूपात पाठवलेल्या छायाचित्रातून, ते केव्हा आणि कुठे काढले याची अंगभूत नोंद गळून पडते. नाव, गाव, तारीख नसलेले चित्र सुंदर असते, पण पुरावा म्हणून मुके असते.

१३/ म्हणून यंदाच्या पोळ्याला किंवा नवरात्रात कॅमेरा वा फोन घेऊन निघालात, तर माणसांची संमती घ्या, आरतीच्या वेळी फ्लॅश मिटवा आणि घरी आल्यावर मूळ फाइल जपून दोन ओळी लिहा : स्थळ, तिथी, प्रसंग. बार्शीटाकळीच्या शिलालेखकाराने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी दगडावर शक कोरला, म्हणून त्या मंदिराचा काळ आज सांगता येतो. मंदिरापुढे जमणाऱ्या माणसांचा काळही असाच कुणीतरी लिहून ठेवावा लागेल.