दोनशें मीटरांखालचा वनवास

एखादा गृहस्थ दिवसभर आपला व्यवसाय करतो आणि रात्रीं घर निजल्यावर कानांस यंत्र लावून बसतो. समुद्रापलीकडील अनोळखी माणसाची टकटक ऐकण्यासाठीं तो पहाटेपर्यंत जागतो, हें पाहून व्यवहारी माणसास हंसूं येतें. यांत मिळकत तर नाहींच. उलट पदरचा पैसा जातो. मग ह्या हौशी रेडिओवाल्यांस ओढ कशाची? आमच्या मतें ह्याचें उत्तर त्यांच्या इतिहासांत आहे.

इ. स. १९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक जहाज बुडालें व त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकेंत बिनतारी संदेशांविषयीं कायदा झाला. लहर जितकी लांब तितका संदेश दूर जातो, अशी त्या काळची ठाम समजूत होती. म्हणून लांब लहरी सरकार, आरमार व कंपन्या यांस मिळाल्या आणि हौशी मंडळींस २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींत लोटण्यांत आलें. हें दान म्हणजे गांवाबाहेरचें खडकाळ माळरान होतें. तेथें कांहीं पिकेल असें देणारासही वाटत नव्हतें.

परंतु ह्या मंडळींनीं माळरान सोडलें नाहीं. १९१४ सालीं हायरम पर्सी मॅक्सिम व क्लॅरेन्स टस्का यांनीं अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापिली. एकाचा संदेश दुसऱ्यानें उचलून पुढें धाडावा, हा तिचा हेतु. १९२१ च्या डिसेंबरांत तिनें पाठविलेल्या पॉल गॉडली यानें स्कॉटलंडांत आर्ड्रोसन येथें, ऐन हिंवाळ्यांत, समुद्रकांठच्या तंबूंत बसून अमेरिकेंतील हौशी केंद्रांचे संदेश टिपले. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्सांतील नीसचा लेओं देलॉय व कनेक्टिकटचा फ्रेड श्नेल यांनीं सुमारें ११० मीटरांवर परस्परांशीं संभाषण केलें. पुढें १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं न्यू झीलंडांतील मेंढ्यांच्या एका मळ्यावरून फ्रँक बेल यानें लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर ह्या विद्यार्थ्याशीं संधान बांधलें. लहर आंखूड होत गेली तसतसा पल्ला वाढला. जाणत्यांचें गणित उलटें ठरलें!

कारण असें कीं, वातावरणाच्या उंच भागांत सूर्यतेजानें विद्युद्भारित झालेले थर आहेत. आंखूड लहरी त्यांवरून पुन्हा पृथ्वीकडे वळतात. १९२४ च्या अखेरीस अ‍ॅपलटन यानें प्रयोगानें त्याचा पुरावा दिला. मग माळरानास भाव आला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेंत लहरींची वांटणी झाली आणि ज्यांनीं ती जमीन कसली त्यांच्याकडे मोजक्या पट्ट्या उरल्या. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच इंग्लंडांत व हिंदुस्थानांतही त्यांचे परवाने थांबले. युद्धानंतर हीं माणसें पुन्हा यंत्रापाशीं येऊन बसलीं.

आज खिशांतल्या फोनानें जगांत कोठेंही बोलतां येतें, तरी हा छंद मेलेला नाहीं. फोन करणारास पलीकडे कोण आहे हें आधींच ठाऊक असतें. रेडिओवाला मात्र स्वतः जोडलेल्या यंत्रानें अंधारांत हांक घालतो. ‘ओ’ येईल कीं नाहीं, आली तर कोठून, हें त्यास ठाऊक नसतें. ती ‘ओ’ ऐकण्यासाठीं माणूस रात्र जागवितो, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.