चाकांवरची पलटण

डोंगरांतून सायकल हांकीत शेंकडों मैलांची मजल मारणाऱ्या हौशी लोकांना अमेरिकेंतील मिसूला हें गांव चांगलें परिचित आहे. कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत रॉकी पर्वताच्या कण्यावरून जाणारा प्रसिद्ध सायकलमार्ग याच गांवांतील एका संस्थेनें विसाव्या शतकाच्या अखेरीस आंखला. परंतु त्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें, १८९७ सालीं, येथील लष्करी ठाण्यांतून एक तुकडी सायकलींवर स्वार होऊन निघाली होती. तिची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

ही तुकडी पंचविसाव्या पायदळ पलटणींतील. शिपाई सारे कृष्णवर्णी व अधिकारी गोरे, असा त्या काळचा रिवाज. घोड्याला दाणावैरण लागते, तो आजारी पडतो. सायकलीला यांपैकीं कांहींच नको. मग पायदळ सायकलीवर कां चढवूं नये, असा लेफ्टनंट जेम्स मॉस याचा युक्तिवाद होता. आदल्या वर्षीं त्यानें यलोस्टोनपर्यंत जाऊन येण्याचा प्रयोग केलाच होता. आतां वीस शिपाई, एक डॉक्टर व एक बातमीदार बरोबर घेऊन १४ जून रोजीं तो १,९०० मैलांवरील सेंट लुई शहराकडे निघाला. सामानासह एकेक सायकल साठ पौंडांच्या घरांत जाई.

आपणांस वाटेल कीं, पर्वत चढणें हाच या प्रवासांतील सर्वांत कठीण भाग असावा. तो सोपा नव्हता खरा. आरंभींच पावसानें गांठलें. चिकट माती चाकांना अशी लपेटून बसे कीं, स्वारालाच सायकल ढकलीत न्यावी लागे. हेलेना शहराजवळ, जेथें पाण्याचे प्रवाह पूर्व व पश्चिम असे दुभंगतात, तो माथा त्यांनीं बर्फांतून ओलांडला. रस्ता बिघडला म्हणजे ते लोहमार्गावर चढत आणि स्लीपरांवरून हिसके खात पुढें सरकत. पण खरी परीक्षा झाली ती पर्वत मागें पडल्यावर, नेब्रास्कांतील वाळूच्या टेकड्यांत. तेथें चाक रुते, ऊन भाजून काढी, आणि क्षारयुक्त पाणी पिऊन माणसें आजारी पडत. सुमारें १७० मैल कापावयास साडेचार दिवस लागले.

२४ जुलै रोजीं, एकेचाळिसाव्या दिवशीं, तुकडी सेंट लुईस पोंचली. त्यांपैकीं प्रत्यक्ष वाटचालीचे दिवस ३४. म्हणजे रोजची सरासरी ५५ मैलांहून अधिक. शहरानें उत्साहानें स्वागत केलें; लष्करानें मात्र शिपायांना आगगाडीनें परत धाडलें. पुढील वर्षीं स्पेनशीं युद्ध जुंपलें, पलटण क्यूबांत गेली, आणि हा प्रयोग तेथेंच मिटला.

या स्वारांत मिंगो सँडर्स नांवाचा एक अनुभवी सार्जंट होता. १९०६ सालीं टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गांवीं एका रात्रीं गोळीबार झाला व त्याचा आळ या पलटणीवर आला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं कोणताहि खटला न चालवितां १६७ शिपायांना बडतर्फ केलें. त्यांत सँडर्सहि होता. पंचवीस वर्षांची चाकरी करून त्याचें निवृत्तिवेतन बुडालें. हा अन्याय सरकारनें मान्य केला तो १९७२ सालीं. सँडर्स १९२९ मध्येंच निवर्तला होता. वाळूंतून सायकल काढणाऱ्या या माणसाच्या नांवावरील डाग पुसला जाण्यास सहासष्ट वर्षें लागलीं.